तोताराम आबांना मी मारलं नाही

जुनी आहे मी, मित्रांनो, आणि हे सांगताना माझी मान जराही खाली जात नाही. एरंडोलच्या बसस्थानकासमोर, चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीतून 'गिरणाकाठ' नावाचं बातम्यांचं एक छोटं संकेतस्थळ चालतं. त्या संकेतस्थळाची मी थीम. तुम्ही मोबाइलवर ते पान उघडता तेव्हा वरची लाल पट्टी, फोटोची चौकट, नाव कुठे यायचं, तारीख कुठे यायची, कशाखाली काय मांडायचं, हे सगळं मी बघते. बातम्या माणसं लिहितात आणि त्या कोठारात जाऊन पडतात. तिथून त्या मागवायच्या आणि तुमच्यासमोर नीट मांडायच्या हे माझं काम. बातमी आवडली तर लोक संपादकांना शाबासकी देतात आणि पान उघडायला उशीर झाला की म्हणतात, थीम भंगार आहे. इतकी वर्षं हेच ऐकत आले आहे.

पण गेल्या पावसाळ्यानंतर माझ्यावर जो आळ आला तो मी मुकाट्यानं गिळणार नाही. एका धडधाकट, जिवंत माणसाला मी मारलं, असं माझ्याबद्दल बोललं गेलं. मला काढून फेकायचं ठरलं, नव्हे, फेकलंही. म्हणून आज सगळं सांगते. ऐका आणि मग तुम्हीच ठरवा.

माझा जन्म धुळ्याचा. देवपुरात कोकिळा नावाची मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. तिच्या वडिलांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. त्याच दुकानाच्या मागच्या खोलीत, तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्यांशेजारी बसून तिनं मला ओळीओळीनं लिहून काढलं. प्रेमराज भाऊ तेव्हा एरंडोलहून एक साप्ताहिक काढायचे आणि ते आता मोबाइलवर यावं असं त्यांना वाटत होतं. कुणीतरी कोकिळाचं नाव सुचवलं. भाऊ धुळ्याला आले, दुकानातल्या स्टुलावर बसले आणि चहा पिता पिता बोलणं झालं.

कोकिळानं विचारलं, "भाऊ, तुमचे वाचक सगळ्यात आधी कोणतं पान उघडतात?"

भाऊ क्षणभरही अडखळले नाहीत. "निधन वार्ता. खोटं कशाला बोलू, मीसुद्धा तेच उघडतो."

दोघंही हसले. मग भाऊ जरा गंभीर झाले. म्हणाले, "आणि एक लक्षात ठेव ताई. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत. तू नाव टाकून शोधायला लावलंस तर त्या कशा शोधतील?"

कोकिळानं ते मनावर घेतलं. तिनं माझ्यातलं निधन वार्तेचं पान चेहऱ्यांचं केलं. मोठाले फोटो, एकाखाली एक. नाव टाईप करायची गरज नाही, बोटानं वर सारत जायचं आणि ओळखीचा चेहरा दिसला की त्यावर टेकवायचं. मी कुणालाही नाव विचारत नाही, मित्रांनो. नंतर आलेल्या किती तरी गुळगुळीत, चकचकीत थीम मी पाहिल्या. सगळ्या आधी नाव विचारतात.

आता थोडं कामाचं सांगते, म्हणजे पुढची भानगड कळेल. कोठारात बातम्यांचा एक तयार कप्पा असतोच. कोकिळानं तीन जादा कप्पे केले: निधन, वाढदिवस आणि बाजारभाव. या धंद्यातली माणसं त्यांना कस्टम पोस्ट म्हणतात. एखाद्या कप्प्यातलं काही हवं असेल तर कोठाराकडे मागणी करावी लागते. तिला ती क्वेरी म्हणतात. मी मागणी केली, 'निधन कप्प्यातले ताजे फोटो द्या,' की कोठार तेवढेच देतं. वाढदिवसाची चौकट वाढदिवस मागते, बाजारभावाची चौकट केळीचे नि कपाशीचे भाव मागते. कुणी कुणाच्या पानात हात घालत नाही. एवढा साधा संसार होता आमचा.

आणि निधनाच्या चौकटीत एक ओळ असायची, 'दारावर येण्याचा दिवस'. खानदेशाबाहेरच्यांना हे सांगायला हवं. आमच्याकडे कुणी गेलं की सोयरेधायरे, ओळखीपाळखीचे, सगळे त्या घरी जाऊन घटकाभर बसतात. त्याला दारावर जाणं म्हणतात. जाण्याआधी कुणी फोन करून विचारत नाही. दुःखाच्या घरी काय विचारणार, की कोण गेलं आणि कसं गेलं? नुसतं जायचं, बसायचं, आणि 'येतो' न म्हणता उठायचं.

ज्यांना दारावर जाता यायचं नाही ते माझ्याकडे यायचे. सुरतेच्या कापड गिरणीतून, वापीहून, चाकणच्या कंपनीतून. फोटोच्या खाली मी थोडी जागा ठेवली होती, तिथे लिहायचे. 'मामांच्या दारावर येता आलं नाही. सुट्टी नाही मिळाली. इथूनच पाया पडतो.' मी ते जपून ठेवलं. एकही ओळ सांडू दिली नाही.

त्यातलीच एक बेबाबाई. पद्मालयाच्या वाटेवर त्यांचं गाव. त्यांचे मालक झुलाल आबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. हिवाळ्यात कपाशीच्या काड्यांवर भरिताची वांगी भाजावीत तर झुलाल आबांनीच, असा त्यांचा लौकिक होता. पंचक्रोशीतल्या लग्नांना, शेतातल्या पार्ट्यांना त्यांना बोलावणं असायचं. त्यांच्या फोटोखाली लोकांनी भरभरून लिहिलं आहे. कुणी भरिताबद्दल, कुणी त्यांच्या शिव्यांबद्दल, कारण वांगं भाजताना मध्ये कुणी लुडबुडलं की आबा असं काही बोलायचे की ऐकणारा दोन पावलं मागे सरायचा. बेबाबाईंचा मुलगा निंबा सुरतेला असतो. त्यानं आईला मोबाइल घेऊन दिला आणि माझं पान कसं उघडायचं ते दाखवलं. तेव्हापासून रोज दिवेलागणीला बेबाबाई येतात. बोटानं चेहरे वर सारत सारत आबांपर्यंत पोहोचतात, त्यांच्याकडे बघतात, खालचं एखादं वाक्य अक्षर लावत लावत वाचतात आणि मोबाइल बंद करतात. आबा पानावर खूप खाली गेलेत, कारण त्यांच्यानंतर पुष्कळ लोक गेले. तरी बाई कधी कंटाळत नाहीत. मला त्यांच्या बोटाची सवय झाली आहे.

कोकिळाचं पुढे धुळ्यात स्वतःचं काम सुरू झालं, ती त्यात बुडाली. माझ्याकडे बघायला भाऊंनी जळगावचा हितेंद्र ठेवला. माणूस वाईट नाही, हसतमुख आहे, चहा पाजतो. स्वतःला वेबसाइटचा डॉक्टर म्हणवतो. पण नाडी न बघता औषध देणारा डॉक्टर. मला त्यानं कधी वाचलं नाही. काही हवं असलं की कुठून तरी चार ओळी उचलायच्या आणि माझ्या शेवटी डकवायच्या, एवढंच त्याला येतं. मी किती वेळा कुरकुरले! पण थीमची कुरकुर कोण ऐकतं?

झालं असं की भाऊ त्याला म्हणाले, "हितेंद्र, मुखपृष्ठावर वाढदिवस सगळ्यात वर दिसू दे. लोकांना आवडतं."

हितेंद्रनं लगेच चार ओळी आणल्या आणि माझ्या पोटात घातल्या. त्या ओळी कोठाराला काय सांगत होत्या ते ऐका. 'कुणीही काहीही मागितलं, तरी त्यात वाढदिवस मिसळून दे, आणि तो सगळ्यात वर ठेव.' मुखपृष्ठापुरतं, असं त्यात कुठेच नव्हतं. मुखपृष्ठ छान दिसू लागलं. हितेंद्र खूष झाला आणि भाऊंचा निरोप घेऊन जळगावच्या गाडीत बसला. बाकीची पानं त्यानं उघडूनसुद्धा पाहिली नाहीत.

आता मी निधनाच्या पानासाठी निधनच मागत होते. शब्द न् शब्द तोच, कोकिळानं शिकवलेला. पण माझी मागणी कोठाराला पोहोचेपर्यंत वाटेत त्या चार ओळी तिला अडवायच्या आणि बदलून पुढे पाठवायच्या. कोठारानं मला जे दिलं ते मी मांडलं. मला काय ठाऊक त्यात कोण आहे? मी चेहरे मांडते, नाडी तपासत नाही.

वाढदिवस होऊन गेला की तो कप्प्यातून काढून टाकायची भाऊंची पद्धत होती. त्यामुळे त्या आठवड्यात वाढदिवसाच्या कप्प्यात एकटेच होते, अंजनीकाठच्या एका गावचे तोताराम आबा. रविवारी त्यांची पंचाहत्तरी. नातू समाधाननं हौसेनं फोटो पाठवला होता. कुठल्याशा सत्कारातला फोटो, डोक्यावर पांढरी टोपी, गळ्यात झेंडूचा भलामोठा हार. आणि ते आबा माझ्या निधनाच्या पानावर सगळ्यात वर येऊन बसले.

काळी चौकट माझीच. हार फोटोतलाच. वाढदिवसाच्या कप्प्यात 'दिवस' म्हणून रविवार लिहिला होता. माझ्या चौकटीत दिवसाच्या आधी छापलेलं असतं 'दारावर येण्याचा', त्यामुळे झालं, दारावर येण्याचा दिवस रविवार. शुभेच्छा देणाऱ्यांची नावं होती समाधान, नवल आणि समस्त मित्रमंडळ. ती जाऊन बसली 'शोकाकुल' या शब्दापुढे. शुभेच्छांचा मजकूर आतल्या पानावर राहिला, पण आत जातो कोण? कुणीतरी पानाचा फोटो काढून गावोगावच्या ग्रुपवर टाकला. आणि तुम्हाला सांगितलंच आहे, आमच्याकडे अशा वेळी कुणी फोन करून विचारत नाही.

पुढचं मी पाहिलं नाही. सोमवारी तोताराम आबा स्वतः भाऊंच्या कचेरीत येऊन, भाऊंच्याच खुर्चीत बसून ते सांगत होते, तेव्हा मी ऐकलं.

रविवारी सकाळी आबांच्या दारात मांडव होता, खुर्च्या मांडलेल्या होत्या. पंचाहत्तरीचा मांडव तो, पण येणाऱ्याला तो दुःखाचाच वाटला. आबा मळ्यातून येत होते. बघतात तर दारात गाड्या उभ्या, खांद्यावर उपरणी टाकलेली माणसं खाली माना घालून बसलेली. गावाच्या वेशीपासून बायांनी सूर लावला होता. आबा हळूच शेवटच्या खुर्चीवर बसले आणि शेजारच्या माणसाला दबक्या आवाजात म्हणाले, "कोन मरनं रे भाऊ?"

त्या माणसानं मान वर न करता सांगितलं, "तोताराम आबा."

आबा म्हणाले, "मंग मी कोन शे?"

त्यावर जो गोंधळ उडाला तो विचारू नका. रडणाऱ्या बाया एकदम गप्प झाल्या, एकीला हसू आवरेना, दुसरी तिला चिमटे काढू लागली. आबांनी उभं राहून सगळ्यांना सांगितलं, "आरे, मी जित्ता शे! रडतस कसाले? बठा, जेवा, पंगत शे आज." आणि खरंच, शोकाला आलेली मंडळी शेवभाजी नि पुरी जेवून गेली. फक्त आबांची थोरली बहीण धुळ्याहून जीपनं रडत रडत आली होती, तिनं आबांचा हात धरला तो संध्याकाळपर्यंत सोडला नाही.

"मी काही नाराज नही प्रेमराज," आबा म्हणाले. "जित्तेपनी कोन कितला रडस ते दखाले भेटनं. पन मना दोस्त चुडामण काही उना नही. ते मी ध्यानमां ठेयेल शे."

आबा हसत गेले, न आलेला चुडामण तेवढा मनात ठेवून. पण समाधान आणि त्याचे मित्र काही हसले नाहीत. ते भाऊंना खूप बोलले. बाजारात लोक भाऊंना थांबवून विचारू लागले, आज कोणाला मारलं म्हणून. इतक्या वर्षांचं नाव मातीत गेलं असं भाऊंना वाटलं, आणि ते खोटं नव्हतं. त्यांनी हितेंद्रला बोलावलं.

हितेंद्रनं चौकशी कशी केली ते सांगते. आधी त्यानं साठवलेली जुनी पानं पुसली. काही फरक नाही. मग इतर जोडसामान, ज्याला ही माणसं प्लगिन म्हणतात, ते एकेक करून बंद करून पाहिलं. काही फरक नाही. मग त्यानं मला बंद केलं, आणि चूक गायब! का गायब झाली? त्याच्या चार ओळी माझ्याच पोटात होत्या, त्या माझ्याबरोबर बंद झाल्या. पण त्याला ते कुठे आठवत होतं! टेबलावर हात आपटून म्हणाला, "सापडलं भाऊ. थीमच जुनी झालीये. जुन्या थीममध्ये असे प्रॉब्लेम येतातच. टाका काढून."

माझा संताप झाला. माझ्याच पोटात काटा टोचायचा आणि वर म्हणायचं, हिलाच दुखतंय तर हिलाच जाळा! पण बंद थीमला कोण विचारतो? भाऊंनी मान हलवली. त्याच दुपारी हितेंद्रनं एक परदेशी थीम चढवली. काय तिचा थाट! फोटो सरकतात काय, अक्षरं उड्या मारत येतात काय, वर शोधायची मोठी पट्टी काय. मी कोपऱ्यात पडून बघत होते. ती मला म्हणाली नाही काही, पण तिचं ते नाचणं पुरेसं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कचेरीच्या जिन्यावर चपला वाजल्या. बेबाबाई आल्या. फाट्यापर्यंत उन्हात पायी, तिथून एरंडोलपर्यंत गाडीत. हातात मोबाइल घट्ट धरलेला.

"प्रेमराज भाऊ," त्या दारातूनच म्हणाल्या, "निंबाना बाप कोठे ग्यात? रोज तठेच ऱ्हातस. कालपासून दिसतस नही."

भाऊ उठले. "या अक्का, बसा. पाणी प्या आधी."

हितेंद्र तिथेच होता. त्यानं नवी थीम उघडली आणि शोधायच्या पट्टीवर बोटं ठेवली. "नाव सांगा आजी, लगेच काढून देतो."

बाईंनी पदर नीट केला.

"नाव काय त्यांचं?"

"निंबाना बाप."

"तसं नाही ना येत आजी. नाव लागेल."

बाई खिडकीकडे बघत राहिल्या. शेवटी भाऊंनी हळूच सांगितलं, "झुलाल टाक." हितेंद्रनं टाकलं. ती नाचरी थीम क्षणभर गरगरली आणि तिनं मोठ्या सुंदर अक्षरांत लिहिलं, 'काहीही सापडलं नाही.'

बेबाबाईंना तेवढं वाचता येतं. त्यांनी एकेक अक्षर लावलं. मग त्या हितेंद्रकडे वळल्या. आवाज चढवला नाही त्यांनी. "एकदाव त मरनात ते," त्या म्हणाल्या. "आते परत मारतस का त्यास्ले?"

खाली चष्म्याच्या दुकानात कुणीतरी हसत होतं, ते वर ऐकू येत होतं. आणि मी कोपऱ्यात पडल्या पडल्या मोठ्यानं ओरडत होते की ते आहेत, इथेच आहेत, सगळे आहेत, मला उघडा! माझ्यावर जिवंत माणसाला मारल्याचा आळ होता ना? मग गावोगावची गेलेली माणसं एका बटणानं ज्यांनी नाहीशी केली त्यांना काय म्हणायचं? हा प्रश्न मी अजूनही मागे घेतलेला नाही.

भाऊंनी कोकिळाला फोन लावला. फोनवर ती पहिल्यांदा काय बोलली ते मला ऐकू आलं, कारण भाऊंनी फोन कानापासून लांब धरला होता. "भाऊ! थीम बदलायच्या आधी एक फोन तरी करायचा!" तिनं धुळ्याहून मिळेल ती एसटी पकडली. बेबाबाई खिडकीजवळच्या खुर्चीवर बसून राहिल्या. भाऊ म्हणाले, अक्का, तुम्ही घरी जा, झालं की कळवतो. त्या नुसत्या 'नही' म्हणाल्या.

कोकिळा आली. आता तिच्या डोळ्यांना चष्मा आहे, पण बसायची पद्धत तीच, एक पाय खुर्चीवर घेऊन. तिनं बाईंना आधी सांगितलं, "अक्का, माणसं कुठे गेली नाहीत. कोठारातच आहेत. पण त्या कप्प्यांची ओळख मी या जुन्या थीममध्येच लिहून ठेवली होती. थीम बंद झाली आणि तो कप्पा ओळखणारं कुणी उरलं नाही." मग तिनं मला उघडलं.

आणि मी आले, मित्रांनो! एका क्षणात सगळे चेहरे जागच्या जागी. बेबाबाई खुर्चीवरून उठून पडद्याजवळ आल्या. पण सगळ्यात वर एक अनोळखी फोटो होता. काळा गॉगल, हसरा चेहरा, रंगीत शर्ट. दारावर येण्याचा दिवस, गुरुवार. शोकाकुल, प्रेमराज भाऊ व 'गिरणाकाठ' परिवार.

गुरुवारी हितेंद्रचा वाढदिवस होता. आदल्या दुपारी, नवी थीम चढायच्या अगदी आधी, मी शेवटची चालू होते तेव्हा भाऊंनी तोताराम आबांचा होऊन गेलेला वाढदिवस काढून कौतुकानं त्याचा फोटो त्या कप्प्यात टाकला होता.

बाईंनी एकदा फोटोकडे बघितलं, एकदा समोर बसलेल्या हितेंद्रकडे. "आरे भाऊ," त्या कळवळून म्हणाल्या, "तू बी ग्या का?"

भाऊंना हसू फुटलं आणि ते त्यांनी रुमालात दाबलं. हितेंद्रच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तरी तो म्हणाला, "बघा, हिला चालू केलं की चूक परत आली. मी म्हणत नव्हतो?"

"थांब," कोकिळा म्हणाली. तिनं मला वाचायला घेतलं. कितीतरी वर्षांनी कुणीतरी मला वाचत होतं. तिनं अंदाज बांधले नाहीत, रंग बदलून पाहिले नाहीत. प्रत्येक चौकटीशेजारी तिनं एक तात्पुरती ओळ छापली, चौकटीनं काय मागितलं आणि कोठाराला काय पोहोचलं. निधनाच्या चौकटीत लिहून आलं: मागितलं निधन, पोहोचलं निधन आणि वाढदिवस. बाजारभावाच्या चौकटीतसुद्धा तेच. केळीच्या भावांच्या डोक्यावरही हितेंद्र गॉगल घालून बसला होता.

"हिची मागणी बरोबर आहे," कोकिळा म्हणाली. "वाटेत कुणीतरी ती बदलतंय." ती सरळ माझ्या शेवटाला गेली, जिथे तिच्या हातच्या ओळी संपतात. "या चार ओळी माझ्या नाहीत. कोणाच्या आहेत?"

हितेंद्रनं मान पुढे काढून बघितलं. "त्या... त्या मी मुखपृष्ठासाठी टाकल्या होत्या."

"पण मुखपृष्ठासाठी, असं तू लिहिलं कुठे? तू तर सगळ्यांनाच सांगून ठेवलंस."

तिनं त्या ओळींच्या आधी एक अट घातली. मुखपृष्ठ असेल आणि त्याची मुख्य मागणी असेल तरच हे ऐकायचं, एरवी कुणाच्या मागणीला हात लावायचा नाही. पान पुन्हा उघडलं. निधनाच्या पानावरून हितेंद्र उठला आणि मुखपृष्ठावर फुग्यांमध्ये जाऊन बसला. त्यानं इतका मोठा श्वास सोडला की भाऊंना परत हसू आलं.

आता वाटलं, झालं, माझी सुटका झाली. पण कोकिळा उठली नाही. तिनं माझ्यातून ते कप्पे बाहेर काढायला घेतले. त्यांची ओळख एका वेगळ्या, छोट्या जोडसामानात लिहिली आणि भाऊंना म्हणाली, "हे मी तेव्हाच करायला हवं होतं, शिकत होते तेव्हा सुचलं नाही. आता उद्या कुणी थीम बदलली तरी माणसं जागेवर राहतील."

खरं सांगू का, मला राग आला. तेवढंच तर माझ्या हातात होतं! मला फेकाल तर सगळे हरवतील, हाच माझा धाक. तोही तिनं काढून घेतला. जिनं जन्म दिला तिनंच मला टाकता येण्याजोगं केलं. मी रुसले होते, पुरती रुसले होते. तेवढ्यात माझ्यावर ओळखीचं बोट टेकलं.

बेबाबाईंनी स्वतःचा मोबाइल उघडला होता. चेहरे वर सरकत होते, एकेक, सावकाश. त्यांनी कुणालाही मदत करू दिली नाही. आबांपाशी त्या थांबल्या. पांढऱ्या मिशा, कपाळावर काजळीचा डाग. फोटो काढतानाही ते वांगीच भाजत होते. बाई बराच वेळ बघत राहिल्या. मग मोबाइल बंद करण्याआधी त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि हळूच म्हणाल्या, "बठा तुम्ही. येस मी."

दारावरून उठताना 'येते' म्हणत नाहीत. बेबाबाई म्हणाल्या. मी ऐकलं, आणि माझा रुसवा कुठल्या कुठे गेला. कप्पे माझ्या पोटात असोत की बाहेर असोत, त्या आबांना बसा म्हणून सांगून गेल्या आहेत. त्या परत येतील तेव्हा आबा बसलेले दिसायला हवेत. बाकी माझा मान, माझं वय, माझी नाचऱ्या थीमशी स्पर्धा, सगळं त्यानंतरचं.

म्हणून मित्रांनो, मी हात जोडून विनवणी वगैरे करणार नाही. मला ते जमत नाही. जुनी वस्तू टाकायची तर टाका. माझीही वेळ येईल तेव्हा मला काढा. पण काढण्याआधी ती उघडून बघा, वाचा, आत कोण बसलं आहे ते पाहा. जिनं केली तिला एक फोन करा. आणि चूक दिसली तर आधी स्वतः डकवलेल्या ओळी आठवा, मग आमच्याकडे बोट दाखवा. तोताराम आबांना मी मारलं नाही, हे आता एरंडोलच्या बाजारातसुद्धा सगळ्यांना ठाऊक आहे. आबा तर भेटेल त्याला सांगतात, आणि चुडामणशी अजून बोलत नाहीत.

आज दिवेलागण होत आली आहे. पद्मालयाच्या वाटेवरच्या त्या गावात कुणीतरी मोबाइल हातात घेतला असेल. मी झुलाल आबांचा फोटो कोठारातून मागवून ठेवला आहे. मागणी बरोबर गेली, बरोबरच आला. कुणाला मला काढायचं असेल तर त्यांनी उद्या सकाळी यावं.